भुलीच्या खोलीतून बाहेर : वेदनातज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या डॉक्टरांची पहिली पाच वर्षं

आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांनी आम्हाला दोनदा विचारलं, ‘वेदनेवर बोलणार ना? मग डॉक्टरांच्या करिअरवर कशाला?’ त्यांचं विचारणं रास्त होतं. ज्याची कंबर दुखते त्याला कंबरेविषयी ऐकायचं असतं, डॉक्टरच्या नोकरीविषयी नाही. पण तुमच्या तालुक्याच्या गावी वेदनेवर नीट उपचार करणारा माणूस का सापडत नाही, या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलात की तुम्ही तिथेच पोचता. माणसं शिकतात, तयार होतात आणि मग पहिल्या चार-पाच वर्षांत त्यातली बरीच जण हे काम सोडून देतात. का सोडतात, आणि जी टिकतात ती कशामुळे, एवढंच आज सांगायचं आहे.

आम्ही म्हणजे एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या भूलशास्त्र विभागातली तिघं-चौघं. आठवड्यातले चार दिवस ऑपरेशन थिएटर, दोन दिवस पेन ओपीडी. दरवर्षी एखाददुसरा तरुण डॉक्टर वर्षभर आमच्याकडे फेलो म्हणून येतो. जे सांगतो आहोत ते बहुतेक त्यांच्याकडे बघूनच शिकलेलं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. लोक विचारतात, वेदनेचा वेगळा डॉक्टर कशाला? गुडघा दुखला तर हाडांचा डॉक्टर, डोकं दुखलं तर मेंदूचा. बरोबर आहे. दुखणं नवीन असेल तर कारण शोधायचं, कारण गेलं की दुखणं जातं. पण तीन महिन्यांच्या वर जे दुखत राहतं त्याचा कारभार वेगळा असतो. नागीण होऊन गेली, फोड सुकले, कातडी साफ झाली, आणि सहा महिन्यांनीही बाईंना पदराचा स्पर्श सहन होत नाही. आता तिथे बरं करायला जखमच उरलेली नाही. बिघाड आहे तो चेतातंतूंत आणि त्यांचे निरोप वाचणाऱ्या मज्जारज्जू आणि मेंदूत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ च्या जानेवारीपासून लागू झालं, अशा जुनाट वेदनेला स्वतःची जागा मिळाली. त्याआधी ती कुठल्या ना कुठल्या आजाराच्या शेपटीला लटकलेली असायची.

या विषयाची सुरुवात ज्यांच्यापासून मोजतात ते जॉन बोनिका हे भूलतज्ज्ञ होते. इटलीजवळच्या एका बेटावर जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च त्यांनी व्यावसायिक कुस्त्या खेळून भागवला, आणि त्या कुस्त्यांनी झिजवलेले सांधे त्यांना आयुष्यभर छळत राहिले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात काम करताना त्यांना जखमी सैनिक दिसत होते. जखम भरलेली, पाय कापलेला, आणि जो पाय नाहीच तो दुखतो आहे! पुस्तकात फारसं काही मिळेना. म्हणून ते वेगवेगळ्या विषयांच्या डॉक्टरांना एकत्र बसवून एकेका रुग्णाबद्दल चर्चा करू लागले. १९५३ साली त्यांचं वेदनेच्या उपचारांवरचं मोठं पुस्तक आलं. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी ‘गेट’ची कल्पना मांडली : मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपांना जणू एक फाटक असतं, ते कमी-जास्त उघडतं. कोपर आपटलं की आपण आपोआप चोळतो आणि बरं वाटतं, ते यामुळे. १९७० च्या दशकात वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, त्यातही बोनिकाच पुढे होते. आपल्याकडची राष्ट्रीय संघटना १९८४ ची. म्हणजे शास्त्र म्हणून हे सगळं फार जुनं नाही. तुमच्या-आमच्या हयातीतलंच आहे.

आता भूलतज्ज्ञच का? साधं कारण आहे. सुई. पाठीच्या कण्याजवळ, नसेच्या भोवती सुई नेमकी नेऊन औषध सोडणं हे भूलतज्ज्ञाचं रोजचं काम. शिवाय मॉर्फिन, केटामिन यांची त्याला भीती वाटत नाही. फिजिकल मेडिसिन, अस्थिरोग, मेंदूविकार यांतली मंडळीही या क्षेत्रात येतात, पण आपल्याकडे बहुसंख्य आमच्यातलेच. आणि गंमत अशी की ज्या कारणासाठी आम्ही या कामाला लायक ठरतो त्याच कारणासाठी नालायकही ठरतो. त्याकडे येऊच.

रस्ता कसा आहे ते सांगतो. अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. नीट पीजीमध्ये एक-दोन वर्षं जातातच. मग तीन वर्षं एमडी. सरकारी कॉलेज असेल तर बॉन्ड. वय झालं तीस, बहुतेकांचं लग्न झालेलं, काहींच्या घरी बाळ. इथवर आल्यावर खरं तर कमवायला लागायचं असतं. वेदनेचं शिक्षण इथून पुढे सुरू होतं. देशात या विषयाची डीएम ही अतिविशेष पदवी आहे पण जागा बोटांवर मोजण्याएवढ्या. बाकी फेलोशिपा. काही विद्यापीठांच्या, काही राष्ट्रीय संघटनेच्या, काही खासगी रुग्णालयांच्या, काही एखाद्या नामवंत डॉक्टरच्या क्लिनिकच्या. कुठे वर्ष, कुठे सहा महिने, कुठे तीन. कुठे विद्यावेतन मिळतं, कुठे शिकणाऱ्यालाच फी भरावी लागते. यांच्या दर्जात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बाहेरून तो ओळखता येत नाही, कारण भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र सगळ्यांचं सारखंच चकचकीत असतं.

तुलनेसाठी बघा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये वेदनाशास्त्राची स्वतंत्र फॅकल्टी १९९८ मध्ये झाली, आणि २००५ पासून ऑस्ट्रेलियात तो स्वतंत्र विशेष विषय मानला जातो. अमेरिकेत रेसिडेन्सीनंतर एका वर्षाची मान्यताप्राप्त फेलोशिप आणि बोर्डाची परीक्षा. ब्रिटनमध्ये भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजअंतर्गत २००७ पासून वेगळी फॅकल्टी आणि तिची स्वतःची परीक्षा. आमची काही मुलं दोन वर्षांच्या प्रशिक्षण योजनेतून ब्रिटनला जातात, काही परत येतात. जी येतात ती एक गोष्ट हमखास सांगतात, की तिकडे ओपीडीत शेजारच्या खोलीत मानसशास्त्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट बसलेले असतात. इथे ती मंडळी आपण फोन करून जमवायची.

बरं, शिकायचं काय असतं? सगळ्यांना वाटतं सुया शिकायच्या. फेलोलाही तेच वाटतं. पहिल्या महिन्यात तो सी-आर्मपाशी घुटमळत असतो. सी-आर्म म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर चालू असतानाच आतलं हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र. आम्ही त्याला ओपीडीत खुर्चीवर बसवतो आणि सांगतो, पुढचे सहा आठवडे सुई विसर. रुग्णाशी बोल.

आणि इथे भूलतज्ज्ञाची नालायकी बाहेर येते. गेली तीन वर्षं त्याने माणसाला झोपवायचं काम केलेलं असतं. रुग्णाशी त्याचं संभाषण काय? ‘काही खाल्लंय का? दात हलतो का? दीर्घ श्वास घ्या.’ संपलं. त्याचे सगळे निर्णय मिनिटांत होतात आणि परिणाम समोरच्या मॉनिटरवर दिसतो. आता समोर जागा माणूस. आठ वर्षं पाठ दुखते आहे, सहा डॉक्टर झाले, तीन एमआरआय झाले, फाईल दोन किलोची, आणि पहिलंच वाक्य, ‘तुम्हीपण एमआरआयच बघणार ना?’ मॉनिटर नाही, आकडा नाही. चाळीस मिनिटं ऐकायचं आहे. एका फेलोने दुसऱ्या आठवड्यात आम्हाला सांगितलं, ‘सर, मला घाम फुटतो. इंट्युबेशन अवघड गेलं तरी इतका फुटत नाही.’

ऐकायला शिकवताना आम्हाला सगळ्यात जास्त मदत होते ती आपल्या भाषेची. इंग्रजीत वेदनेच्या शब्दांची प्रश्नावली मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये केली, ती जगभर वापरतात. पण आपल्या ओपीडीतल्या आजींना कुठली प्रश्नावली लागत नाही. त्या म्हणतात, ‘ठणकतंय’, ‘कळ मारते’, ‘चमक निघते’, ‘भगभगतं’, ‘मुंग्या येतात’, ‘ओढ लागते’, ‘ठसठसतं’. फेलोने केसपेपरवर या सगळ्याचं भाषांतर एकाच शब्दात केलेलं असतं : पेन. आम्ही ते खोडायला लावतो. कारण भगभग, चमक, मुंग्या म्हणाल्या तर नसेच्या दुखण्याचा संशय घ्यायचा. तिथे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, वेगळी औषधं लागतात. ठणका आणि ठसठस म्हणाल्या तर सूज, पू, हाड यांकडे आधी बघायचं. शब्दावरून निदान पक्कं होत नाही, तपासावं लागतंच, पण दिशा मिळते. विदर्भातून आलेला फेलो आणि कोकणातली आजी असली की दोघांचे शब्द जुळायला आठवडा जातो, तेही शिक्षणच.

मग सुया येतात. त्यातही शिकायचं असतं ते कधी टोचायचं नाही हे. मणक्यांच्या मागच्या लहान सांध्यातून दुखतं अशी शंका असेल तर आधी त्या सांध्याच्या बारीक नसेवर थोडं भुलीचं औषध सोडून बघायचं. काही तास दुखणं थांबलं तर निदान बरोबर, मग रेडिओफ्रीक्वेन्सीने ती नस शेकायची. थांबलं नाही तर आपण चुकीच्या दारावर उभे आहोत. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण रुग्ण पैसे भरून टेबलावर आडवा झालाय, यंत्र चालू आहे, आणि तरुण डॉक्टरने म्हणायचं की मला वाटतं तुमचं दुखणं इथलं नाही, याला धाडस लागतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेत सुई कुठून घालायची हे कळतं. ती खाली ठेवायची कधी, हे वर्षभर कुणाच्या शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मानेच्या नसांजवळ चुकीचं स्टेरॉइड रक्तवाहिनीत गेलं तर माणूस कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून हा आग्रह.

वर्ष संपतं. आता खरी परीक्षा.

मोठ्या शहरात मोठ्या रुग्णालयात वेदनातज्ज्ञ म्हणून पगारी जागा मिळाली तर उत्तम, पण अशा जागा थोड्या. कॅन्सर रुग्णालय हा दुसरा रस्ता, त्याविषयी थोड्या वेळाने. उरलेले बहुतेक जण करतात ते असं : सकाळी भूल, संध्याकाळी पेन क्लिनिक. कागदावर फार छान दिसतं.

आमच्याकडून शिकून गेलेल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, जिल्ह्याचं ठिकाण समजा. हुशार, रुग्ण तिच्याशी बोलायला लागले की उठत नसत. तिने गावात एका खोलीत क्लिनिक टाकलं, संध्याकाळी पाच ते आठ. सकाळी चार रुग्णालयांत फिरून भूल द्यायची. आता फिरत्या भूलतज्ज्ञाचं आयुष्य माहीत आहे का तुम्हाला? फोन आला की जायचं. सिझेरियनला वेळ नसते. संध्याकाळी सहाला क्लिनिकमध्ये चार माणसं बसली आहेत आणि फोन येतो, बाळाचे ठोके कमी झालेत, लगेच या. न जाऊन कसं चालेल? गेली. चार माणसं दीड तास बसून निघून गेली. असं आठवड्यातून दोनदा. महिन्याभराने तिने सर्जनना सांगितलं की पाचनंतर मला बोलावू नका. त्यांनी मान डोलावली आणि सकाळचंही बोलावणं हळूहळू दुसऱ्याकडे गेलं. त्यांचाही फार दोष नाही, त्यांना कधीही येणारा माणूस हवा असतो.

दुसरा खड्डा सोनोग्राफीचा. नसेच्या बऱ्याच इंजेक्शनांना सोनोग्राफी लागते, आणि सोनोग्राफी म्हटलं की गर्भलिंगनिदानाचा कायदा आला. हा कायदा का आला ते आपण महाराष्ट्राने इतरांना सांगायचं. १९८८ मध्ये आपल्या राज्याने देशाआधी स्वतःचा कायदा केला होता, केंद्राचा १९९४ चा. तो हवाच. पण मशीन ज्या जागेसाठी नोंदलेलं त्या जागेबाहेर नेता येत नाही, आणि खांद्याच्या नसेपुरतं वापरणाऱ्यालाही सगळी नोंदणी, सगळे कागद लागतात. सी-आर्म असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी वेगळी. तिला मशीनच्या कर्जाचा हप्ता सुरू झाला आणि नोंदणी व्हायला मात्र कित्येक महिने लागले. त्या काळात मशीनवर चादर.

तिसरा खड्डा म्हणजे पैसा, आणि यावर मोकळेपणाने बोललं पाहिजे. चाळीस मिनिटं बोलण्याची फी आपल्याकडे कुणी देत नाही. सुईची देतात. विमाही सहसा भरती झालात तर, किंवा ठरावीक प्रक्रियांनाच. ओपीडीतलं बोलणं, व्यायाम शिकवणं, औषधं हळूहळू वाढवणं त्यात बसत नाही. मग हप्ता भरायचा असलेल्या डॉक्टरला सुई मारण्याचा मोह होतो. त्यातून रुग्ण पाठवणाऱ्याचा ‘कट’. ती देत नव्हती. न देणाऱ्याकडे रुग्ण कमी येतात, हे इथे बसलेल्या कुणाला नवीन नाही.

दोन वर्षांनी तिने क्लिनिक बंद केलं. आज ती उत्तम भूलतज्ज्ञ आहे, पूर्ण वेळ. आम्हाला ते तिच्या फोनवरून नाही कळलं, दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. फोन केला तेव्हा म्हणाली, ‘सर, तुम्ही मला सगळं शिकवलंत, पण बाहेर गेल्यावर कुणाशी बोलायचं ते नाही सांगितलंत.’

त्या वाक्याने आम्ही बरेच दिवस अस्वस्थ होतो. कारण खरं होतं. आम्ही नसा शिकवल्या, औषधं शिकवली, आणि तिला गावात एकटीला सोडलं. शेवटच्या तीन महिन्यांत आता काही गोष्टी वेगळ्या करतो. फेलोने ज्या गावात बसायचं ठरवलंय तिथला एक फिजिओथेरपिस्ट आणि एक समुपदेशक त्याने आधी शोधायचे, आमच्याशी त्यांचं बोलणं करून द्यायचं. महिन्यातून एका रविवारी सगळे जुने फेलो ऑनलाइन भेटतात. अडलेले रुग्ण मांडायचे, स्वतःचं नाव झालं म्हणून मिरवायचं नाही. शक्य तर दोघांनी मिळून बसायचं, म्हणजे एकाला सिझेरियनचा फोन आला तरी क्लिनिक उघडं राहतं. आणि पहिली दोन वर्षं यंत्र विकत घ्यायचं नाही. ज्या रुग्णालयात ते नोंदवलेलं आहे तिथे आठवड्यातून एक दिवस ठरवून जायचं. यातलं काहीही वैद्यकीय पुस्तकात नाही. पण यानंतर गेलेल्यांपैकी टिकलेले जास्त आहेत, एवढं म्हणू शकतो.

कॅन्सरच्या वाटेबद्दल. इथे दिलासा देणं हेच काम असल्याने फार तरुण डॉक्टर घाबरतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पोटाच्या मागच्या नसांच्या जाळ्यावर इंजेक्शन दिलं की बऱ्याच रुग्णांचा शूळ उतरतो. रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माणूस आडवा होऊन झोपतो. ते एकदा पाहिलं की फेलो बदलतो. पण रोजचं हत्यार आहे ते मॉर्फिनची साधी गोळी. अफूची कायदेशीर शेती करणारा आपला देश, मध्य प्रदेश-राजस्थानात ती शेतं आहेत, आणि आपल्याच रुग्णाला गोळी मिळत नव्हती. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी ठेवणंच सोडलं. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी, तेही भूलतज्ज्ञच, कालिकतला १९९३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर काम उभं केलं आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१४ मध्ये कायदा सुधारला, आता संस्थेला एकच मान्यता पुरते. कायदा बदलला तरी सवय बदलायला वेळ लागतो. म्हणून आमच्या फेलोला आम्ही तो अर्ज स्वतःच्या हाताने भरायला लावतो. अमेरिकेत याच्या बरोब्बर उलट झालं, तिथे या गोळ्या बेसुमार वाटल्या गेल्या आणि माणसं मेली. दोन्ही चुका शिकवाव्या लागतात, एकीला घाबरून दुसरी करायची नाही. पॅलिएटिव्ह मेडिसिनची स्वतंत्र एमडी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०१२ पासून आहे, त्यामुळे ज्याला हेच काम करायचं त्याला आता फेलोशिपच्या आडवाटेने यायची गरज नाही.

प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘माझी मुलगी भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला हे करायचंय. नको म्हणू का?’

नको म्हणू नका, पण तिला तीन गोष्टी विचारायला सांगा. जिथे फेलोशिप करणार तिथे आठवड्यातून किती तास ओपीडी आहे, नुसतं किती प्रोसिजर होतात ते नको. तिथून गेल्या तीन-चार वर्षांत बाहेर पडलेले आज काय करतात. नावं मागा, फोन करा, आणि ज्यांनी सोडलं त्यांना आधी फोन करा. आणि तिसरं, कॉम्प्लिकेशन झाली तर नोंद कुठे ठेवता, ती वही दाखवाल का. वही दाखवली तर तिला तिथे जाऊ द्या. बाकी रात्रीच्या सिझेरियनला ती जाणारच आहे, ते तुम्ही नको म्हणून थांबणार नाही.